थॅचरबाईंची तसबीर कुठे टांगायची?

रुमालवाला

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. मागे व्यनितून (खाजगी निरोपातून) दोघातिघांनी विचारलं होतं, की कॉलेज सुटलं, आता दिवसभर करता काय? खरं सांगायचं तर एकतीस वर्षं पगार घेऊन जे केलं तेच आता फुकट करतो. माझा अभ्यासाचा विषय पेशवे दरबारातले इंग्रज वकील, म्हणजे राजदूत, त्यामुळे साहेबाच्या घरात डोकावायची सवय लागली ती लागलीच. सकाळी मोडीचे कागद, दुपारी तिकडच्या संग्रहालयांची चित्रं मोठी करकरून बघणं, आणि बुधवारी संध्याकाळी ब्रिटिश पंतप्रधानांची प्रश्नोत्तरं. तिकडे ती दुपारी बाराला सुरू होतात. आपल्याकडे थंडीत साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार, कारण ते लोक घड्याळाचे काटे पुढेमागे करतात. मी चहा-खारी घेऊन बसतो. सौ. म्हणते, गावच्या ग्रामसभेला कधी फिरकला नाहीत आणि लंडनच्या ग्रामसभेला मात्र खाडा नाही.

आजचा विषय डाउनिंग स्ट्रीटच्या भिंतींचा. लंडनची ही गल्ली, दहा नंबर पंतप्रधानांचं घर, अकरा अर्थमंत्र्यांचं. २०२४ च्या जुलैत मजूर पक्षाचे कीअर स्टार्मर दहा नंबरात राहायला आले आणि ऑगस्टच्या अखेरीस बातमी फुटली, की त्यांनी अभ्यासिकेतली हुजूर पक्षाच्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचरची तसबीर हलवली. झाली बोंबाबोंब. हुजूर पक्षवाले म्हणाले, हा सूडच. स्टार्मर म्हणाले, तसं काही नाही, वाचत बसलेलं असताना वरून कुणी टक लावून बघितलेलं मला आवडत नाही, मला निसर्गचित्रं बरी वाटतात.

यातली मेख पुढेच. रिचर्ड स्टोन या चित्रकाराकडून ही तसबीर करून घेतली ती गॉर्डन ब्राउन पंतप्रधान असताना, आणि २००९ मध्ये तिचं अनावरण झालं. म्हणजे मजूर पक्षाच्या एका पंतप्रधानाने थॅचरबाईंना भिंतीवर चढवलं आणि त्याच पक्षाच्या दुसऱ्याने उतरवलं. मधे चौदा वर्षं हुजूर पक्षाचं राज्य झालं, पण त्यांच्यातल्या कुणी ती काढवून घेतली नव्हती. चित्रात बाई त्याच आणि तसबीरही तीच. बदललं ते बघणाऱ्याचं राजकारण.

पुढे अर्थमंत्री रेचल रीव्ह्जनी अकरा नंबरातून नायजेल लॉसनची तसबीर काढून तिथे एलेन विल्किन्सनचं छायाचित्र लावलं. लॉसन हे थॅचरबाईंचे अर्थमंत्री. विल्किन्सन म्हणजे १९३६ साली जॅरोच्या बेकारांचा मोर्चा लंडनला घेऊन निघालेली खासदार, नंतर १९४५ च्या ॲटली सरकारातली शिक्षणमंत्री. ही अदलाबदल मला थॅचरबाईंच्या प्रकरणापेक्षा जास्त बोलकी वाटली, पण तिच्यावर फारसा गदारोळ झाला नाही.

मला गंमत वाटते ती याची, की त्या घरात एक भिंत अशी आहे जिला कुणीच हात लावत नाही. जिन्याची. वर जाताना पिवळ्या भिंतीवर सगळे माजी पंतप्रधान ओळीने, आधीचे कोरीव छापात, नंतरचे छायाचित्रात. पहिला पंतप्रधान वॉलपोल जवळजवळ एकवीस वर्षं टिकला, लिझ ट्रस एकोणपन्नास दिवस. जिन्याला त्याचं काही नाही, दोघांना जागा सारखीच.

तुमचं काय मत? तसबीर हलवणं म्हणजे इतिहास पुसणं, की नव्या भाडेकरूने खोली लावणं?

तिरकस

आपल्याकडे कचेरीत कुणाकुणाच्या तसबिरी लावायच्या याचं परिपत्रक निघतं, त्यामुळे भानगडच मिटते. हार तेवढे बदलायचे.

बाकी सर, आपलं लुटून नेलेल्यांच्या दिवाणखान्यात कुठली फ्रेम कुठे आहे याची आपल्याला काय पडलीय?

थेम्सकाठी

वाचतेय. सर, राणी पहिली एलिझाबेथ आणि वॉल्टर रॅले यांच्या तसबिरीही काढल्या ना त्यांनी? त्यांच्या जागी पॉला रेगोची चित्रं लावली म्हणून इथल्या पेपरांत आठवडाभर चालू होतं. ऑफिसातल्या एका आजोबांनी तर मलाच विचारलं, तुझं काय म्हणणं? म्हटलं, माझ्या सासरी देवघरातला फोटो हलवायचा तरी घरातल्या चौघांची परवानगी लागते, हे तर अख्ख्या देशाचं देवघर.

जेजे नापास

चित्रकार म्हणून दोन पैसे. स्टोनची थॅचर मला चित्र म्हणून सपक वाटते. राजघराण्यातल्या माणसांची चित्रं काढणाऱ्याचा हात आहे तो, सुरकुती दिसली की मऊ ब्रश फिरवायचा. तसबीर टोचली पाहिजे.

टोचण्यावरून चर्चिल आणि सदरलँडचं प्रकरण इथे कुणाला माहीत आहे का? रुमालवाला सरांना असणारच. सर, लिहा की सविस्तर.

रुमालवाला

नापास राव, तुम्ही नस पकडलीत. लिहितो.

१९५४ साली चर्चिल ऐंशी वर्षांचे झाले. पंतप्रधानपदावर होतेच. दोन्ही सभागृहांच्या सभासदांनी वर्गणी काढून त्यांची तसबीर करून घ्यायचं ठरवलं. चित्रकार ग्रॅहम सदरलँड, बिदागी एक हजार गिनी. चर्चिलना गार्टरचा झगा घालून बसायचं होतं, म्हणजे एकदम सरदारी थाटात. ठरलं मात्र रोजच्या पार्लमेंटच्या पोशाखात, काळा कोट आणि बो टाय. चार्टवेलला, त्यांच्या राहत्या घरी, बैठका झाल्या. चर्चिल स्वतः हौशी चित्रकार, त्यामुळे कॅनव्हासवर काय चाललंय ते बघायची त्यांना घाई. सदरलँड दाखवेना.

३० नोव्हेंबरला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये अनावरण झालं, टीव्हीवरून दाखवलं गेलं. चित्रात एक थकलेला, जड झालेला म्हातारा खुर्चीचे हात गच्च धरून बसलेला. चर्चिल उठले आणि म्हणाले, हा आधुनिक कलेचा उल्लेखनीय नमुना आहे. सभागृह हसलं. माणसाला शिवी न देता कसं मारावं याचा धडा त्या एका वाक्यात आहे.

चित्र चार्टवेलला गेलं ते पुन्हा कुणाला दिसलं नाही. १९७७ च्या डिसेंबरात चर्चिलपत्नी क्लेमेंटाइनबाई वारल्या आणि त्यानंतर उघड झालं, की ते कधीच जाळून टाकलंय. त्यांच्या सेक्रेटरीबाईंनी आणि त्या बाईंच्या भावाने रात्री उचलून नेऊन होळी केली, मालकिणीच्या संमतीने. चित्राच्या तयारीसाठी सदरलँडने केलेली छोटी चित्रं उरली. त्यातलं एक २०२४ च्या जूनमध्ये सदबीजच्या लिलावात ६ लाख ६० हजार पौंडांना गेलं.

आता बघा, चर्चिल तेव्हा खरोखरच थकले होते. १९५३ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता आणि तो लोकांपासून लपवला होता. पुढे १९५५ च्या एप्रिलात त्यांनी पद सोडलं. म्हणजे मंत्री, डॉक्टर, पेपरवाले सगळे जे झाकत होते ते सदरलँडने रंगात मांडलं. तसबीर वाईट होती म्हणून ती जाळली असं मला वाटत नाही.

जेजे नापास

दंडवत. खुर्चीचे ते हात बघितलेत ना? सिंहासनासारखे आलेत, पण माणूस त्यांना बुडताना धरावं तसं धरून आहे. आता फक्त फोटोंत बघायचं.

तिरकस

बाईंनी योग्य केलं. माझा आधारकार्डावरचा फोटोही कुणीतरी रात्री उचलून न्यावा.

थेम्सकाठी

मी एक अनुभव लिहू का? थोडं अवांतर आहे, पण सर ओरडणार नाहीत असं धरून चालते.

मागच्या उन्हाळ्यात आई सांगलीहून आली होती. राजवाडे, घोडेस्वार, ते चाक, सगळं दाखवून झालं. एक दिवस पावसात अडकलो म्हणून लिंकन्स इन फील्ड्समधल्या सर जॉन सोनच्या घरात शिरलो. प्रवेश फुकट. गवंड्याचा मुलगा, पुढे मोठा वास्तुरचनाकार झाला आणि राहत्या घरात इतकं सामान भरलं, की १८३३ मध्ये खास कायदा करून घेतला, माझ्यामागे हे घर असंच राहू द्या म्हणून. चित्रांच्या खोलीत जागा कमी आणि चित्रं फार, तर पठ्ठ्याने भिंतींनाच बिजागऱ्या लावल्या. तिथला माणूस आला आणि कपाटाची दारं उघडावीत तशी भिंत उघडली, आत आणखी चित्रं. आई म्हणाली, आपल्या फडताळाची आयडिया.

तिथेच अठराव्या शतकातला इंग्रज चित्रकार हॉगार्थ याची निवडणुकीची चार चित्रं आहेत. १७५४ ची ऑक्सफर्डशरची निवडणूक. मला गॅलऱ्यांचा कंटाळा आहे, पण मतदानाच्या चित्रापुढे आम्ही मायलेकी वीस मिनिटं उभ्या होतो. मतदान उघड्यावर, लाकडी मांडवात. एक जुना शिपाई आहे, त्याचा हात गेलाय, तिथे आकडा आहे. शपथ घ्यायला त्याने तो आकडा बायबलवर टेकवलाय आणि दोन वकील भांडतायत, हाताऐवजी आकडा चालतो का! त्याच्यामागे एकाला, ज्याला काही कळत नाही, कुणीतरी कानात नाव सांगतंय. त्याच्याही मागे मरायला टेकलेल्या माणसाला उचलून आणलंय. आणि लांब मागे ब्रिटानियाची, म्हणजे त्यांच्या भारतमातेची, बग्गी मोडून पडलीय, गाडीवान वर बसून पत्ते खेळतायत.

आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अगं, तुझ्या पणजीला अशीच खुर्चीवर बसवून नेली होती. डोळ्याला दिसत नव्हतं. कुणाला मत दिलं विचारलं तर म्हणाली, ज्यांनी खुर्ची धरली त्यांनाच."

पंचांगी

+१. आजीला साष्टांग.

रुमालवाला

ओरडतो कशाला, तुम्ही तर धागा तारलात. गुप्त मतदान तिकडे १८७२ मध्ये आलं. तोपर्यंत तोंडाने नाव सांगायचं आणि ते वहीत उतरायचं. जमीनदार समोर उभा असताना कूळ काय बोलणार? ओळखपत्र दाखवून मत द्यायचं इंग्लंडमध्ये सुरू झालं ते तर आत्ता, २०२३ च्या मे महिन्यात. आपण कितीतरी वर्षं फोटोचं कार्ड खिशात घेऊन हिंडतोय.

हॉगार्थच्या त्याच मालिकेतलं पहिलं चित्र, पंगतीचं, माझ्या जास्त जवळचं. उमेदवाराची फुकट पंगत, दारू, खिडकीतून विटा. खाली जमिनीवर एकाच्या पायाखाली काळं निशाण पडलंय. त्यावर लिहिलंय, आमचे अकरा दिवस परत द्या.

झालं होतं असं, की १७५२ मध्ये त्यांनी पोपची सुधारित कालगणना एकदाची स्वीकारली आणि २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला. या निशाणावरून पुढे पाठ्यपुस्तकांत शिरलं, की आयुष्याचे अकरा दिवस गेले म्हणून लोकांनी दंगली केल्या. शोधायला गेलं तर अशा दंगलींचा भक्कम पुरावा मिळत नाही. हॉगार्थने प्रचारातली एक आरोळी चित्रात टाकली, टिंगल म्हणून, आणि दीडदोनशे वर्षं विद्वानांनी ती बातमी म्हणून वाचली. मीसुद्धा पहिली सहा वर्षं वर्गात ती दंगल अगदी रंगवून शिकवली आहे. त्या वेळच्या विद्यार्थ्यांपैकी कुणी इथे असेल तर माफ करा.

पंचांगी

अकरा दिवसांचं काय घेऊन बसलात, आमच्याकडे तिथीचा क्षय होतो तेव्हा कुणी दगड मारत नाही. टिळक पंचांगवाल्यांची आणि दाते पंचांगवाल्यांची दिवाळी कधीकधी वेगळ्या महिन्यात पडते, तरी दोघं एकमेकांकडे फराळाला जातात.

थेम्सकाठी

पण करवर्षाचं खरं आहे ना? इथे ते ५ एप्रिलला संपतं. दरवर्षी नव्याने आलेला कुणीतरी विचारतोच, हा काय मुहूर्त?

रुमालवाला

खरं आहे. जुना हिशेबाचा दिवस २५ मार्च. कर अकरा दिवस आधी कसा मागायचा, म्हणून ते अकरा दिवस पुढे ढकलले, आणि १८०० साली आणखी एक. तेव्हापासून नवं करवर्ष ६ एप्रिलला. दंगल खोटी, कर खरा.

तिरकस

माझ्या पहिल्या प्रश्नाला सोयीस्कर बगल दिलेली आहे, हे नमूद करतो.

रुमालवाला

नाही दिली, मुरवत होतो. लुटीचं नाकारत नाही, पण आपलाही पाय त्या घरात फार आधीपासून आहे. १७८१ मध्ये राघोबादादांचा वकील हणमंतराव लंडनला गेला होता. ब्राह्मण माणूस, परक्याच्या हातचं खाणार नाही. हाल चाललेत असं तिथला खासदार एडमंड बर्क याला कळलं तेव्हा त्याने त्याला बीकन्सफील्डच्या आपल्या घरी नेलं आणि स्वयंपाक-सोवळ्यासाठी बागेतलं काचघर मोकळं करून दिलं. हाच बर्क पुढे वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग चालवायला उभा राहिला. इंग्रजांच्या पार्लमेंटात हिंदुस्थानावर जे बोललं गेलं त्यामागे अशा चार भेटी आहेत. मग मी डोकावून का बघू नये?

थेम्सकाठी

आणि कॉमन्सच्या, म्हणजे पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहाची दारं भारत-पाकिस्तानची भेट आहे! १९४१ मध्ये बॉम्ब पडून सभागृह गेलं, पुन्हा बांधलं तेव्हा राष्ट्रकुलातल्या देशांनी सामान दिलं. सभापतींची खुर्ची ऑस्ट्रेलियाची, टेबल कॅनडाचं, दारं आपली. जागा मात्र ४२७ आणि खासदार ६५०. मुद्दाम लहान ठेवलंय म्हणतात, गर्दी वाटावी म्हणून. चर्चगेटला चढणाऱ्यांना हे सांगायला नको.

जेजे नापास

पार्लमेंट निघालंच आहे तर चित्रकार टर्नरशिवाय पुढे जाऊ नका. १८३४ ची आग! दोन तैलचित्रं केली त्याने, दोन्ही आता अमेरिकेत, फिलाडेल्फिया आणि क्लीव्हलंड. अर्धं आकाश नुसतं पिवळं-नारिंगी. इमारत शोधावी लागते.

रुमालवाला

टर्नरपेक्षा मला त्या आगीचं कारण प्यारं आहे.

त्यांच्या खजिन्यात शेकडो वर्षं हिशेब लाकडाच्या काठ्यांवर ठेवत. किती रक्कम त्याप्रमाणे काठीला आडव्या खाचा पाडायच्या, मग काठी उभी चिरायची. अर्धी देणाऱ्याकडे, अर्धी घेणाऱ्याकडे. वाद झाला की दोन्ही अर्धी जोडून बघायची, खाचा जुळल्या पाहिजेत. अडाण्यालाही कळणारी, खोटी न करता येणारी पावती. आमच्या लहानपणी दूधवाला चौकटीवर कोळशाच्या रेघा मारायचा, त्याचीच ही थोरली बहीण. १८२६ मध्ये हा प्रकार बंद झाला आणि काठ्यांचा ढीग पडून राहिला.

१६ ऑक्टोबर १८३४ ला हुकूम झाला, जाळून टाका. गरिबांना सरपण म्हणून दिल्या असत्या तर काम भागलं असतं. ते न करता लॉर्ड्सच्या, म्हणजे वरिष्ठ सभागृहाच्या तळघरातल्या भट्ट्यांत दोन गाड्या काठ्या दिवसभर कोंबल्या. दुपारी वरचं सभागृह बघायला पाहुणे आले तर पाय भाजायला लागले, धूर येत होता. सांभाळणाऱ्या बाईने कळवलं, कुणी मनावर घेतलं नाही. संध्याकाळी सहाच्या सुमारास भडका. नदीकाठी हजारो लोक जमले, काहींनी टाळ्या वाजवल्या. आदल्या दोन वर्षांत मताधिकाराचा सुधारणा कायदा आणि गरिबांचा नवा कायदा असे दोन्ही होऊन गेले होते, राग ताजा होता. त्याच गर्दीत टर्नर वही घेऊन.

हे शिकवताना माझा आवाज दरवेळी बसायचा. मी नोकरीत नवीन असताना एका गावात जुन्या घराण्याचे मोडी कागद बघायला गेलो होतो. रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत असं ऐकलं होतं. म्हातारीने चहा दिला आणि म्हणाली, "उशीर केलास बाळा. दोन पावसाळे बंबाला तेच पुरले." बंबाच्या तोंडाशी एक अर्धा कागद राहिला होता, वर "श्री" आणि खाली नुसती काळी कड. तो माझ्याकडे आहे. आमचे कागद बंबात गेले, त्यांचं पार्लमेंट गेलं, एवढाच फरक.

आणि आजचं राजकारण? त्या आगीनंतर बॅरी आणि प्यूजिनने उभारलेली इमारत आता इतकी खिळखिळी झालीय, की आगीवर नजर ठेवायला चोवीस तास पहारा लागतो. २०१८ मध्ये खासदारांनी ठराव केला, की सगळ्यांनी बाहेर पडून दुरुस्ती करू. वर्षामागून वर्षं गेली, हललं कुणी नाही. खर्च अब्जांत, आणि आपल्या काळात तो मंजूर केला असं कुणाला नावावर नको.

तिरकस

आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाची मीटिंग वाचल्यासारखं वाटलं. सर, तुम्हाला माफ केलं.

आता पुण्याचं काही काढा. तिकडच्या भिंतीवर आपलं कोण आहे?

रुमालवाला

आहे ना. लंडनच्या टेट संग्रहालयाकडे थॉमस डॅनियलचं मोठं चित्र आहे. पुणे दरबार, सवाई माधवराव गादीवर, इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट तहाचा कागद देतोय. टिपूविरुद्धचा १७९० चा तह. झुंबरं, खांब, माणसांची दाटी. पुण्याच्या दरबारावरचं लेखन निघालं की हे चित्र हमखास छापलं जातं.

आता घटना बघा. तह १७९० चा. ज्याच्या रेखाटनांवरून हे चित्र झालं तो स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स मुंबईत पोचला १७९१ मध्ये. म्हणजे दरबार उठल्यावर. वेल्स १७९५ ला वारला. मग मॅलेटने, जो वेल्सचा जावई, विलायतेला परतल्यावर ते काम डॅनियलकडे दिलं, आणि डॅनियलही त्या दरबारात नव्हता. चित्र पुरं झालं १८०५ मध्ये. तोवर सवाई माधवराव गेले, नाना गेले, वसईचा तह झाला, आणि शिंदे-भोसल्यांशी इंग्रजांची लढाई होऊन होळकरांशी संपत आली होती. मैत्रीचं चित्र टांगलं ते मैत्री मोडून झाल्यावर.

तरी वेल्सने पुढे पुण्यात बसून समोरून काढलेल्या तसबिरी आहेत, सवाई माधवराव आणि नाना फडणीस एकत्र, ती लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे. त्यातले चेहरे मी मानतो.

जेजे नापास

आणि गंगाराम तांबट? मॅलेटच्या वाड्यात चित्रशाळा होती, तिथला आपला माणूस. त्याची रेखाटनं येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहात आहेत. १७९० मध्ये पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढलाय त्याने. कातडीच्या घड्या बघा, अंगावरचा एकेक फोड मोजलाय. हा माणूस गेंड्यापुढे उभा होता यात शंका नाही.

रुमालवाला

अगदी. त्या साली पुण्यात काय काय होतं याचा कुणी माझ्याकडे चित्रातला पुरावा मागितला तर दरबाराआधी मी गेंडा काढून दाखवेन.

तिरकस

गेंडा कुठल्या पक्षाचा होता?

रुमालवाला

कातडीवरून सांगणं अवघड आहे. साडेपाच वाजले, चहा आलाय, तिकडे सभापती ओरडायला लागलेत. उरलेल्यांना उद्या उत्तरं देतो.